डिप घेतली का?

दिवाळीत सांगलीला ताईकडे सगळे जमलो होतो. फराळ झाला, दुसरा चहा झाला आणि नेहमीप्रमाणे दाजी आणि भाची यांची जुंपली. भाची भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करतेय. तिने कुठलासा आलेख मोबाईलवर काढून दाखवला. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रावरचा बर्फ कसा पातळ होत चाललाय त्याचा. दाजींनी चष्मा कपाळावर चढवला, आलेख लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "हे मोजलं कुणी?"

"विमानातून मोजतात बाबा. आणि उपग्रहातून. लेझर असतो, रडार असतं."

"विमानातून? बर्फ दोन मीटर जाड आहे का अडीच, हे वर उडता उडता कळतं होय? अगं, आपल्या विहिरीत पाणी किती आहे ते मला वाकून बघितल्याशिवाय कळत नाही."

मग दोघंही माझ्याकडे वळले. "मामा, तू सांग ना. तुझंच काम आहे हे." दाजी म्हणाले, "सांगा पाव्हणं, रडारवाले तुम्ही."

रडारवाला मी आहेच. विमानाच्या रडारवर नव्हे, कारखान्यांच्या टाक्यांमध्ये पातळी मोजणाऱ्या रडारवर नोकरीची तीस वर्षं गेली. पण त्या दिवशी मी गुळमुळीत काहीतरी बोललो आणि चकली उचलली. दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं आणि थोडं थोडं चूक, आणि ते नीट सांगायचं तर मला माझी एक जुनी गोष्ट सांगावी लागली असती. ती जेवणाच्या पानावर सांगण्यासारखी नव्हती. आज लिहून टाकतो. दोघंही हे वाचतात, तेव्हा दोघांनाही पोचेल.

आधी बर्फाचं.

पहिली गोष्ट म्हणजे, समुद्रावरच्या बर्फाची जाडी विमानातून कुणीही थेट मोजत नाही. मोजतात ती उंची. ग्लासात बर्फाचा खडा टाकला की थोडा वर राहतो, बाकीचा पाण्यात बुडतो. तसंच हे. समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला १०२४ किलो धरतात आणि बर्फाची साधारण ९१५. म्हणजे जवळजवळ नऊ दशांश बर्फ पाण्याखाली. पाण्यावर किती आलाय ते कळलं की खालचं गणिताने काढायचं.

आता पाण्यावर किती आलाय हे कळायला पाणी कुठे आहे ते दिसायला हवं. बर्फाला भेगा पडतात, त्यातून काळं पाणी किंवा नुकता गोठलेला पातळ पापुद्रा दिसतो. विमानातल्या लेझरने त्या भेगेतली पातळी घ्यायची, शेजारच्या बर्फाच्या माथ्याची घ्यायची आणि वजाबाकी करायची. भरती-ओहोटी, वारा, हवेचा दाब यांनी समुद्राची पातळी सतत वरखाली होत असते, म्हणून जवळपासची भेगच लागते. लांबची चालत नाही.

नासाने २००९ ते २०१९ अशी अकरा वर्षं हे काम विमानांनी केलं. मोहिमेचं नाव होतं ऑपरेशन आइसब्रिज. वसंतात ग्रीनलंडमध्ये तळ टाकायचा आणि पी-३ जातीच्या चार पंख्यांच्या विमानातून आर्क्टिक समुद्रावर उडायचं. उंची फक्त ४६० मीटरच्या आसपास. पी-३ हे मुळात पाणबुड्या शोधायला बनवलेलं विमान, त्यामुळे खाली उतरून तासन् तास सरळ रेषेत उडणं त्याला जमतं.

इथवर सोपं आहे. अडचण पुढे आहे, आणि ती म्हणजे हिम. बर्फ आणि हिम हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरतो, पण इथे ते वेगळे धरा. बर्फ म्हणजे गोठलेला समुद्र, हिम म्हणजे त्यावर आकाशातून पडलेला भुसभुशीत थर. लेझरला दिसतो तो हिमाचा माथा. खाली बर्फ कुठे सुरू होतो हे त्याला कळत नाही. आणि हिम हलकं असतं, बर्फाच्या एक तृतीयांश घनतेचं.

गणित करून बघा, मी वहीवर केलं. समजा पाण्यापासून हिमाच्या माथ्यापर्यंत ५० सेंटीमीटर भरले. त्यात हिम ३० सेंटीमीटर असेल तर बर्फाची जाडी येते २.७६ मीटर. तेच हिम २० सेंटीमीटर असेल तर जाडी येते ३.४१ मीटर. हिमाच्या अंदाजात फक्त १० सेंटीमीटरची, म्हणजे एका वीतीच्या निम्म्याची चूक, आणि उत्तरात ६५ सेंटीमीटरचा फरक! लेझर कितीही भारी आणा, हिम कळलं नाही तर काही खरं नाही.

म्हणून विमानात रडार ठेवलं. कॅन्सस विद्यापीठात २००५ साली बर्फाच्या थरांचं दूरसंवेदन करणारं एक केंद्र उभं राहिलं, त्याचे पहिले संचालक होते आपल्याकडून गेलेले प्रसाद गोगिनेनी. तिथे हे स्नो रडार तयार झालं. त्याची युक्ती मला फार आवडते, कारण आमच्या टाकीवरच्या काही रडारमध्येही हीच युक्ती असते. वेळ मोजायला स्टॉपवॉच लावत बसायचं नाही. खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत चढत जाणारी एक शिट्टी वाजवायची. परत येणारा प्रतिध्वनी थोडा उशिरा येतो, तोवर आपली शिट्टी वरच्या सुरात पोचलेली असते. दोन्ही सूर एकत्र केले की त्यांच्यातला फरक अंतर सांगतो. ही शिट्टी अर्थात रेडिओलहरींची, साधारण २ ते ८ गिगाहर्ट्झ. पट्टा जितका रुंद, तितके जवळचे दोन थर वेगळे ओळखता येतात. ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला हा बारकावा काही सेंटीमीटरचा पडतो.

मग एक क्षीण प्रतिध्वनी येतो हिमाच्या माथ्यावरून आणि एक ठळक येतो हिम आणि बर्फ जिथे भेटतात तिथून. ३० सेंटीमीटर हिम असेल तर दोघांत अंतर अडीच नॅनोसेकंदांचं. त्यावरून हिमाची खोली. लेझरचा आकडा, रडारचा आकडा, भेगेतली पाण्याची पातळी आणि घनता. चार गोष्टी जुळवल्या की जाडी.

तुम्ही म्हणाल, रडार हिमातून जातं तर बर्फातून का नाही जात? सरळ तळाचाच प्रतिध्वनी घ्या की. ग्रीनलंडच्या हिमनद्यांवर असं करतातच. तिथे तीन तीन किलोमीटर बर्फातून रडार खालचा खडक दाखवतं. पण तो बर्फ गोड्या पाण्याचा. समुद्राच्या बर्फात मिठाच्या पाण्याचे बारीक कप्पे अडकलेले असतात आणि मीठ रेडिओलहरी गिळतं. तीन किलोमीटर पार करणारी विद्या तीन मीटरांपाशी हात टेकते. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेच्या लोकांनी याच मिठाचा उलटा उपयोग केला. ते हेलिकॉप्टरला दोरीने एक लांबट नळकांडं टांगतात आणि बर्फावर पंधराएक मीटरांवरून नेतात. त्यातली वेटोळी खालच्या खाऱ्या, वीजवाहक पाण्यात प्रवाह जागवतात आणि त्यावरून पाणी किती खाली आहे ते कळतं. ते रडार नव्हे, पण डोकं बघा!

असो. आता माझी गोष्ट.

२००४-०५ चा गळीत हंगाम. एका साखर कारखान्यात मळीच्या टाकीवर आम्ही रडार बसवलं. टाकी वीस मीटर व्यासाची. त्याआधी तिथे डिप घ्यायची पद्धत होती. वर चढायचं, झाकण उघडायचं, वजन बांधलेली टेप सोडायची, मळी कुठवर लागली ते बघायचं आणि रजिस्टरला लिहायचं. हे काम करणारा कारकून पन्नाशीचा होता, गुडघे दुखायचे त्याचे. रडार लागलं तेव्हा सगळ्यांत खूश तो झाला असावा असं मला वाटलं होतं. पण त्याने मला पहिल्याच दिवशी विचारलं, "सायेब, डिप घेतली का?" मी म्हणालो, आता डिपची गरज नाही, हे मिलिमीटरमध्ये सांगतं. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून रजिस्टरमध्ये रडारचा आकडा जाऊ लागला.

मळी हा साधा माल नाही. त्यापासून दारू होते, म्हणून तिच्या टनाटनावर उत्पादन शुल्क खात्याचं लक्ष असतं. हंगामाच्या शेवटी टँकर भरून मळी बाहेर गेली, वजनकाट्यावर वजनं झाली आणि हिशेब लावला तर शंभर टनांहून जास्त मळी कमी! रजिस्टरवर सही कारकुनाची. वरच्यांनी त्याला विचारलं, माल कुठे गेला? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याला घरी बसवलं. गावात बोलायला लोकांना काय, तोंड असतंच.

मला बोलावलं ते "रडार नीट चालतंय ना" एवढं कागदावर लिहून घ्यायला. मी तपासलं. चालत होतं. मिलिमीटरमध्ये चालत होतं. तसं लिहून सही केली आणि पुण्याला परत आलो. त्या सहीने त्या माणसाचा शेवटचा आधार मी काढून घेतला, हे मला तेव्हा कळलंही नाही.

कळलं तीन आठवड्यांनी, दुसऱ्याच एका टाकीपाशी, वर चढून झाकण उघडलं तेव्हा. मळीवर फेस होता. तपकिरी, दाट, फूटभर. रडारची लहर त्या फेसावरच आपटून परत येत होती. यंत्र खोटं बोलत नव्हतं, ते अंतर अचूकच सांगत होतं. फक्त ते अंतर फेसापर्यंतचं होतं आणि मी ते मळीपर्यंतचं समजत होतो. वीस मीटर व्यासाच्या टाकीत ३० सेंटीमीटर फेस मळी म्हणून मोजला तर एकशे तीस टन मळी कागदावर तयार होते. चोरी झालीच नव्हती. जी मळी कधी नव्हतीच, ती कमी भरली होती.

मी कारखान्यावर गेलो, चूक लिहून दिली. कारकुनाला परत घेतलं. आम्ही तिथे कमी फ्रिक्वेन्सीचं, फेसातून बऱ्यापैकी पार जाणारं रडार बसवलं. त्याने मला एका शब्दानेही टोचलं नाही. फक्त रजिस्टर दाखवलं. त्याने पट्टी घेऊन पानावर दोन रकाने आखले होते. एकाच्या डोक्यावर लिहिलं होतं 'यंत्र', दुसऱ्याच्या 'डिप'. दर सोमवारी तो दुखऱ्या गुडघ्यांनी वर चढायचा आणि दुसरा रकाना भरायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून कुठलाही आकडा पाहिला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो त्याचाच. डिप घेतली का?

आता परत बर्फावर. (दाजी, कंटाळू नका, मुद्द्यावर येतोय.)

युरोपचा क्रायोसॅट-२ हा उपग्रह २०१० च्या एप्रिलमध्ये वर गेला. पहिला क्रायोसॅट २००५ मध्ये उड्डाणातच गेला होता, म्हणून हा दुसरा बांधला. यात लेझर नाही, रडार आहे, १३.६ गिगाहर्ट्झच्या आसपासचं. त्याची लहर हिमातून पार जाऊन बर्फाच्या माथ्यावरून परततं असं धरलं आहे. *धरलं आहे* हा शब्द महत्त्वाचा. कोरड्या, कडक थंडीतल्या हिमात ते पुष्कळसं खरं असतं. हिम जरा ऊबदार झालं, त्यात खालून मीठ चढलं, वाऱ्याने त्याचे टणक थर झाले, की लहर मध्येच अडते. माझा फेसच की हा!

आणि लेझर असो की रडार, हिम किती आहे ते कुठूनतरी आणावं लागतंच. मग संपूर्ण आर्क्टिकवर हिम किती, हे इतकी वर्षं कुठून आणत होते? ही हकीकत मला सगळ्यांत जास्त भिडते. सोव्हिएत रशियाने १९३७ मध्ये बर्फाच्या तरंगत्या तुकड्यावर पहिलं ठाणं वसवलं. चार माणसं, तंबू, आणि खाली समुद्र. पुढे १९५४ ते १९९१ अशी सलग वर्षं कुठलं ना कुठलं तरंगतं ठाणं तिथे असायचं आणि तिथली माणसं काठ्या रोवून हिम मोजायची. अंधारात, उणे तीस-चाळीसमध्ये. १९९९ मध्ये स्टीफन वॉरन आणि सहकाऱ्यांनी या नोंदी एकत्र करून महिनावार तक्ता केला. पुढची कितीतरी वर्षं उपग्रहाच्या प्रत्येक जाडीच्या आकड्यामागे तोच तक्ता होता. अवकाशातल्या कोट्यवधींच्या यंत्राचा एक पाय या काठ्यांवर उभा होता!

पण तक्ता जुन्या आर्क्टिकचा. ठाणी वसवायची तर जाड, जुना, भरवशाचा बर्फच निवडणार ना. आताचा बराचसा बर्फ एका हिवाळ्याचा, कोवळा. आर्क्टिकमध्ये हिम जास्त पडतं ते शरद ऋतूत, आणि तेव्हा आता समुद्र उघडाच असतो. हिम पाण्यात पडतं आणि विरघळून जातं. बर्फ उशिरा धरतो, तोवर हिमाचा मोसम निघून गेलेला. आइसब्रिजच्या स्नो रडारने हे दाखवून दिलं. कोवळ्या बर्फावर तक्त्यातल्यापेक्षा निम्मंच हिम निघालं. २०१४ मध्ये आलेल्या एका अभ्यासात सोव्हिएत काठ्या आणि विमानातलं रडार शेजारी ठेवले, तर पश्चिम आर्क्टिकमध्ये वसंतातलं सरासरी हिम ३५ सेंटीमीटरवरून २२ वर आलेलं दिसलं, आणि ब्यूफोर्ट व चुकची समुद्रांत ३३ वरून साडेचौदावर.

आणि या रडारवर तरी विश्वास कसा ठेवला? माणसं खाली बर्फावर उतरली. विमान ज्या रेषेवरून जाणार त्या रेषेवर ती चालत गेली, हातात काठीसारखं एक साधन घेऊन. काठी हिमात खुपसायची, तिच्यावरची चकती हिमाच्या माथ्यावर तरंगते, दोघांतलं अंतर आपोआप नोंदलं जातं. पुढचं पाऊल, परत खुपसायची. हजारो वेळा. डिप, दुसरं काय!

तर दाजी, आधी तुम्हाला.

तुम्ही म्हणता, एवढी गृहीतकं आहेत तर सगळंच खोटं. नाही. एकाच रडारवर विसंबलो असतो तर तुमचं म्हणणं मी मान्य केलं असतं. पण इथे चुका वेगवेगळ्या दिशांना जाणाऱ्या यंत्रांची साक्ष आहे. हिम प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा जास्त धरलं, तर लेझरच्या हिशेबाने बर्फ खोटाच पातळ दिसतो. तीच चूक रडारच्या हिशेबात बर्फ खोटाच जाड दाखवते. एक डावीकडे चुकतो, एक उजवीकडे. दोघं मिळून फार लांब जाऊ शकत नाहीत. शिवाय तिसरी साक्ष खालून आहे. अमेरिकेची नॉटिलस पाणबुडी १९५८ मध्ये ध्रुवाखालून गेली, तेव्हापासून पाणबुड्या ध्वनिलहरींनी बर्फाचा बुडलेला भाग मोजत आल्या आहेत. नऊ दशांश तर तिकडेच आहे, त्यामुळे तिथली सेंटीमीटरची चूक सेंटीमीटरच राहते, नऊपट होत नाही. पाणबुड्यांच्या आणि आइससॅट या लेझर उपग्रहाच्या नोंदी जोडून २००९ मध्ये जो हिशेब आला, त्यात पाणबुड्या फिरत त्या भागातली हिवाळी सरासरी जाडी १९८० मध्ये ३.६४ मीटर होती, २००८ मध्ये १.८९. अर्धा मीटर इकडेतिकडे करा हवं तर. पावणेदोन मीटरची घट फेसात लपत नाही.

कारकुनावर आळ घेणाऱ्यांनी जी चूक केली ती तुम्ही करू नका, एवढंच म्हणणं. हिशेब जुळत नाही म्हटल्यावर त्यांनी माणसाला चोर ठरवलं, टाकीवर चढून कुणी पाहिलं नाही. शास्त्रज्ञांचे दोन आकडे जुळत नाहीत म्हणून त्यांना लबाड म्हणणं हे तसंच आहे. आपल्या आकड्यात किती चूक असू शकते हे स्वतःहून छापणारा माणूस लबाड नसतो.

आणि बाळा, आता तुला. तू रागावशील, पण ऐक.

तू वडलांना आलेख दाखवलास तो एका बारीक रेषेचा होता. मूळ आलेखात त्या रेषेभोवती करड्या रंगाचा पट्टा असतो, चूक किती असू शकते ते सांगणारा. कुणीतरी तो पुसून टाकला आणि तू तो तसाच पुढे पाठवलास. बाजू आपली आहे म्हणून पट्टा पुसायचा नसतो. "हे मिलिमीटरमध्ये सांगतं" असं मी त्या कारकुनाला म्हणालो होतो, तेव्हा मीही पट्टाच पुसला होता. दक्षिण ध्रुवाकडे तर हा पट्टा आणखी रुंद आहे. तिथे हिम इतकं साठतं की त्याच्या भाराने बर्फाचा माथाच पाण्याखाली जातो, समुद्राचं पाणी आत शिरतं, हिम भिजतं आणि पुन्हा गोठतं. कुठला थर कोणता हे रडारला उमगत नाही. तिथल्या जाडीबद्दल कुणी फार ठामपणे बोललं तर त्याला विचार, डिप घेतली का?

माझं खरं म्हणणं या दोघांच्याही पलीकडचं आहे, आणि ते पैशाचं आहे.

आइससॅटचा शेवटचा लेझर २००९ मध्ये बंद पडला. पुढचा आइससॅट-२ वर गेला सप्टेंबर २०१८ मध्ये. मधली नऊ वर्षं नासाने विमानं उडवून भरून काढली. आइसब्रिज नावातला पूल तो हाच. हा निर्णय घेणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं. विमानाला दिसतो तो एक दोरा, उपग्रहाला दिसतो सगळा समुद्र. वरवर पाहता हा घाट्याचा सौदा. पण ज्या वर्षी मोजलं नाही ते वर्ष कितीही पैसे टाकून परत मोजता येत नाही. आजोबांच्या वेळचा पाऊस आज कसा मोजणार?

२०१९ ला आइसब्रिज संपलं. "आता उपग्रह आहे" हे कारण सरळ होतं. मला तिथेच भीती वाटते. हे वाक्य मी बोललेलो आहे. "आता रडार आहे, डिपची गरज नाही." छोट्या हवाई मोहिमा निघतात, जर्मन जातात, युरोपची अवकाश संस्था जाते, २०१९-२० मध्ये पोलारस्टर्न हे जहाज जवळजवळ वर्षभर बर्फात अडकवून घेऊन तरंगत राहिलं आणि तिथे बर्फावरच रडार मांडून ते हिमात नक्की कुठवर जातं ते तपासलं. पण हे सगळं मोहिमेपुरतं. पैसे मिळाले की जायचं, संपले की परत. क्रायोसॅट-२ तीन-साडेतीन वर्षांसाठी बांधलेला, त्याने पंधरा वर्षांची सेवा ओलांडली. त्याचा वारस क्रिस्टल नावाचा, दोन फ्रिक्वेन्सींचा उपग्रह २०२७ च्या सुमारास सोडायचं ठरलं आहे. मधे म्हातारा कोसळला तर पुन्हा पूल लागेल, आणि पूल बांधणारी विमानं हँगरमधून एका दिवसात निघत नसतात. माझं मत असं की उपग्रहाच्या खर्चातच त्याच्या डिपचा खर्च धरला पाहिजे. दरवर्षी, न चुकता, विमान आणि काठी दोन्ही.

आणि हे फक्त त्यांचं काम नाही. क्रिस्टलची जी युक्ती आहे, एक लहर हिमाच्या वरच्या अंगाला अडणारी आणि एक आत जाणारी, आणि दोघींच्या वजाबाकीतून हिम, ती आधी ज्या उपग्रहाच्या आकड्यांवर करून पाहिली गेली तो आपला होता. इस्रो आणि फ्रान्सचा सरल. २५ फेब्रुवारी २०१३ ला श्रीहरिकोटाहून गेला. त्यावरचं ३५.७५ गिगाहर्ट्झचं अल्टिका रडार मुळात समुद्राची पातळी मोजायला होतं. शास्त्रज्ञांनी ते क्रायोसॅटच्या शेजारी ठेवून हिमाची खोली काढायचा प्रयत्न केला. स्वालबार्डमध्ये २००८ पासून आपलं हिमाद्री हे केंद्र आहे, ते चालवणारी संस्था गोव्यात वास्कोला आहे. तिथल्या संशोधकांनी २०२१ मध्ये कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ आणि मध्य भारतात मोसमाच्या शेवटी होणारी अतिवृष्टी यांचा संबंध असू शकतो असं मांडलं. असू शकतो, असं. पट्टा न पुसता. पण नुसत्या शक्यतेपोटीसुद्धा, सप्टेंबरात काढणीला आलेलं सोयाबीन भिजलेलं ज्याने पाहिलंय त्याने हा बर्फ परक्यांचा आहे असं म्हणू नये. दाजी, तुम्ही पाहिलंय.

तो कारकून निवृत्त झाला तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. नारळ, शाल, भाषणं झाली. निघताना मी त्याला विचारलं, इतकी वर्षं दोन रकाने भरलेत, यंत्र आणि डिप यात किती फरक यायचा? तो म्हणाला, "नवं बसवल्यापासनं बहुतेक वेळा काहीच न्हाई, सायेब."

"मग तरी चढायचात?"

"काहीच न्हाई ह्ये चढल्याशिवाय कसं कळायचं?"

मी परतीच्या एसटीत बसलो तरी ते वाक्य डोक्यात होतं. आजही आहे.

ता. क. : ताई, चकल्या फार छान झाल्या होत्या. वाद ऐकत ऐकत आठ खाल्ल्या. नक्की आकडा भाचीला विचार, तिने मोजल्यात म्हणे.